दोन दाढांच्या जागी इम्प्लांट: आधी त्या दाढा का गेल्या ते पाहू

नाशिकरोडच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५७, प्रेसमध्ये नोकरी, निवृत्तीला तीन वर्षे बाकी. खालच्या जबड्यात डावीकडची पहिली मोठी दाढ रूट कॅनालनंतर दोन वर्षांनी तुटली, म्हणून सहा वर्षांपूर्वी काढली. तिच्या मागची दाढ गेल्या दिवाळीच्या सुमारास हलू लागली आणि तीही काढावी लागली. त्या बाजूची अक्कलदाढ तरुणपणीच काढलेली आहे. आठ वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत आणि तंबाखू-चुन्याची चिमूट दिवसातून तीन-चार वेळा लागते. एका डॉक्टरांनी पुढच्या दोन दातांना कॅप करून त्यांना मागे एक दाढ जोडण्याचा सल्ला दिला, दुसऱ्यांनी हाड भरून दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायची धातूची कृत्रिम मुळे, सांगितली, आणि तिसरीकडे ‘७२ तासांत फिक्स दात’ अशी पाटी वाचली. यातले कोणाचे ऐकावे? शिवाय ७९ वर्षांच्या आईची खालची कवळी जेवताना उचलते, तिच्यासाठी या वयात काही करता येईल का, हेही त्यांनी विचारले आहे.

तोंड प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अंतिम सल्ला देता येत नाही. तरीही आपण दिलेल्या माहितीत बरेच काही आहे, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओझरती लिहून पुढे गेला आहात: दोन्ही दाढा गेल्या, पण त्या एकाच कारणाने गेल्या नाहीत.

पहिली दाढ तुटली. रूट कॅनाल केलेली दाढ कॅपशिवाय राहिली की ती एखाद्या दिवशी भाजलेल्या कणसावर किंवा सुपारीच्या खांडावर उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली की ती काढण्यावाचून इलाज उरत नाही. हा अपघाताचा प्रकार झाला. त्याची पाळेमुळे शेजारच्या दातांत पसरलेली नसतात. दुसरी दाढ मात्र किडली नव्हती, तुटलीही नव्हती, ती हलू लागली. प्रौढ माणसाची दाढ आपोआप हलू लागते तेव्हा बहुतेक वेळा तिच्याभोवतीचे हाड हिरड्यांच्या जुनाट आजाराने, म्हणजे ज्याला आपण पायोरिया म्हणतो त्याने, खाऊन टाकलेले असते. हा आजार काढलेल्या दाढेबरोबर कचऱ्याच्या बादलीत जात नाही. तो उरलेल्या दातांच्या कडेला कमी-अधिक प्रमाणात असतोच, आणि मधुमेह व तंबाखू त्याला खतपाणी घालत असतात.

इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरे आहे, आणि ते रुग्णाला आवर्जून सांगितलेही जाते. पण पायोरिया इम्प्लांटलाही होतो, हे तितक्या आवर्जून सांगितले जात नाही. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात आणि ते जंतूंना खाली उतरण्यास अटकाव करतात. इम्प्लांटच्या गुळगुळीत मानेत तंतू रुतू शकत नाहीत, ते तिला समांतर, नुसते वेढून बसतात, त्यामुळे एकदा वरची कडा सुजली की जंतूंना हाडापर्यंतची वाट मोकळी सापडते. त्यात भर म्हणजे हे सारे फारसे न दुखता चालते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी किती दात बसवायचे हे विचारण्याआधी गेलेला दात कसा गेला ते विचारतो. आपल्या बाबतीत इम्प्लांटच्या आधी सगळ्या तोंडाच्या हिरड्यांची मोजणी, खोलवरची सफाई आणि त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी फेरतपासणी झाली पाहिजे. तीन डॉक्टरांपैकी कोणी हिरडीत बारीक, खुणा असलेली सळई घालून प्रत्येक दाताभोवती मिलिमीटरचे आकडे सहायकाला लिहून घ्यायला सांगितले होते का, हे आठवून पाहावे. नसेल, तर तिन्ही सल्ले अर्धवट माहितीवर दिलेले आहेत असे मी म्हणेन.

आता हाडाविषयी. दाढ काढल्यानंतर पहिल्या वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. ती प्रामुख्याने गालाकडच्या बाजूने होते, त्यामुळे दाढेच्या काळी रुंद असलेला हाडाचा कठडा हळूहळू शेताच्या बांधासारखा वर निमुळता होतो. चार मिलिमीटर जाडीचा इम्प्लांट बसवायचा तर त्याच्या दोन्ही अंगांना किमान एक ते दीड मिलिमीटर हाड शिल्लक राहावे लागते, म्हणजे कठड्याची रुंदी सहा-सात मिलिमीटर तरी हवी. आपली एक जागा सहा वर्षे रिकामी आहे आणि दुसरीतले हाड दाढ काढण्यापूर्वीच आजाराने खाल्लेले आहे, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांनी हाड भरण्याची गोष्ट काढली यात मला काही वावगे वाटत नाही. प्रश्न एवढाच आहे की त्यांनी ते कशावरून ठरवले. साधा मोठा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, हाडाची उंची वाढवून दाखवतो आणि रुंदी तर दाखवतच नाही. त्यासाठी जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, लागतो. नाशिकमध्ये तो आता सहज होतो आणि यंत्रासमोर मान स्थिर ठेवून अर्धा मिनिट उभे राहण्यापलीकडे त्यात काही नाही.

खालच्या मागच्या जबड्यात हा स्कॅन मी ऐच्छिक मानत नाही. तेथे हाडाच्या आतून एक नस जाते आणि ती त्या बाजूच्या ओठाला व हनुवटीला संवेदना पुरवते. इम्प्लांटचे टोक आणि ही नस यांत किमान दोन मिलिमीटरचे अंतर ठेवायचे असते. ते न ठेवल्यास अर्धा ओठ बधिर होतो आणि चहा हनुवटीवर ओघळला तरी कळत नाही. असा बधिरपणा महिनोन्‌महिने टिकतो आणि क्वचित कायमचा राहतो. रुग्णांना वेदनेची भीती असते. मला भीती या दोन मिलिमीटरांची असते.

आणखी एक गोष्ट स्कॅनमध्ये नव्हे, तर आरशात दिसते. डावा गाल बोटाने बाजूला ओढा, दात मिटा आणि रिकाम्या जागेवरची वरची दाढ पाहा. खाली टेकायला काही नसले की वरची दाढ वर्षानुवर्षे खाली उतरत राहते. सहा वर्षांत ती दोन-तीन मिलिमीटर उतरलेली मी अनेकदा पाहिली आहे. मग खाली इम्प्लांट उत्तम बसला तरी त्यावर कॅप चढवायला उंचीच उरत नाही, आणि आधी वरची दाढ घासून, कधी तिला कॅप करून, जागा मोकळी करावी लागते. हे आधी कळले तर खर्चात धरता येते. नंतर कळले तर रुग्णाला फसवल्यासारखे वाटते, आणि त्यात त्याची चूक नसते.

पहिल्या डॉक्टरांच्या सल्ल्याकडे वळू. आपल्या रिकाम्या जागेच्या मागे एकही दाढ नाही, त्यामुळे दोन्ही टोकांना आधार असलेला नेहमीचा ब्रिज आपल्याला करताच येणार नाही. त्यांनी सुचवलेला ब्रिज पुढच्या दोन लहान दाढा घासून त्यांना कॅप करायचा आणि मागची दाढ अधांतरी, नुसती त्यांना जोडून ठेवायची, असा आहे. अडकित्त्यात सुपारी बिजागरीजवळ सरकवली की ती सहज फुटते, हे आपल्याला माहीत आहे. जबड्याची बिजागरी कानाजवळ असते, म्हणून चावण्याचा जोर मागच्या दाढांवर सर्वांत जास्त येतो. तो सगळा जोर अधांतरी दाढेवर पडला की पुढच्या दोन लहान दाढांची मुळे मागे खेचली जातात, कॅपखालचे सिमेंट सुटते, फटीतून कीड शिरते, आणि पाच-सात वर्षांनी दोनऐवजी चार दात नसलेला रुग्ण समोर बसतो. समोरच्या भागात, जिथे जोर कमी असतो, तिथे अशा ब्रिजला मी विरोध करणार नाही. मोठ्या दाढेसाठी, आणि त्यातही हिरड्यांचा आजार असलेल्या तोंडात, दोन धडधाकट दात घासून हा प्रयोग करावा असे मला वाटत नाही.

काढघालीची अर्धी कवळी हा पर्याय तिन्ही डॉक्टरांनी आपल्याला सांगितलेला दिसत नाही. एकाच बाजूच्या दोन दाढांसाठी तिची पकड विरुद्ध बाजूच्या दातांपर्यंत न्यावी लागते, जिभेला अडचण होते आणि बरेच लोक ती महिनाभरात डबीत ठेवून देतात. पण शरीर शस्त्रक्रियेला तयार नसेल तर तिच्यासारखा निर्धोक उपाय नाही. काहीच न करणे हाही एक पर्याय असतो, आणि शेवटच्या दाढेपुरता तो बऱ्याचदा शहाणपणाचा ठरतो. त्याविषयी पुढे लिहितो.

‘७२ तासांत फिक्स दात’ हे सरसकट खोटे नाही, म्हणूनच त्यावर नीट बोलले पाहिजे. इम्प्लांट बसवल्याबरोबर त्यावर दात देणे काही परिस्थितींत मान्य आहे: संपूर्ण जबड्यात चार-सहा इम्प्लांट बसवून ते एकमेकांना कडक जोडले, त्यांची हाडातली सुरुवातीची पकड पक्की मिळाली आणि रुग्णाने काही महिने मऊ खाल्ले, तर ते टिकतात. समोरच्या एखाद्या दाताला दिसण्यापुरती, चावताना न टेकणारी तात्पुरती कॅपही लगेच देता येते. हाडाच्या बाहेरच्या आणि खोलवरच्या कडक थरात अडकणारे एकसंध स्क्रू वापरून तीन दिवसांत दात देण्याची पद्धतही काही डॉक्टर वापरतात. मात्र आपल्यासारख्या एका बाजूच्या, पूर्ण जोराने चावणाऱ्या, शेजाऱ्याचा आधार नसलेल्या मोठ्या दाढेसाठी घाई करण्याने फायदा रुग्णाचा नसून पाटी लावणाऱ्याचा होतो. आपली जागा सहा वर्षे रिकामी आहे. आणखी तीन महिन्यांनी आकाश कोसळणार नाही.

ती तीन महिन्यांची वाट कशासाठी, हे समजले की घाईचा मोह सुटतो. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचे, साधारण आठ ते तेरा मिलिमीटर लांबीचे, बाहेरून आटे असलेले कृत्रिम मूळ. स्वीडनमधील पेर-इंगव्हार ब्रॅनेमार्क हे मुळात दंतवैद्य नव्हते. १९५० च्या दशकात ते सशाच्या पायाच्या हाडातला रक्तपुरवठा टायटॅनियमच्या बारीक नळकांड्यातून पाहत होते, आणि प्रयोग संपल्यावर नळकांडी काढू गेले तर ती हाडापासून सुटेनात. हाड धातूला नुसते चिकटले नव्हते, त्याला लगटून वाढले होते. १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी पहिल्यांदा असे इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, ते वापरात होते. एवढे सारे होऊनही जगभरच्या दंतवैद्यांनी ही कल्पना गंभीरपणे घेतली ती १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर.

टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, आणि हाडाच्या पेशी धातूशी नव्हे तर त्या थराशी सख्य करतात. पण ते सख्य एका दिवसात होत नाही. इम्प्लांट बसवतो त्या दिवशी तो घट्ट असतो, कारण आटे हाडात रुतलेले असतात, जसा लाकडात स्क्रू. त्यानंतर शरीर आट्यांच्या दाबाखालचे जुने हाड विरघळवू लागते आणि त्या जागी नवे हाड घालू लागते. जुने गेलेले आणि नवे अजून पक्के न झालेले, असा एक काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, आणि त्या वेळी इम्प्लांटची पकड पहिल्या दिवसापेक्षाही कमी असते. रुग्णाला मात्र तेव्हाच सर्वांत बरे वाटत असते. सूज गेलेली, टाके निघालेले, आणि घरात कोणीतरी म्हणते की आता खाऊन बघ. खालच्या जबड्यात दोन ते तीन महिने आणि वरच्या मागच्या भागात, जिथे हाड पावासारखे सच्छिद्र असते, चार ते सहा महिने थांबायचे ते या मधल्या खड्ड्यामुळे. हाड भरले असेल तर कालावधी आणखी वाढतो.

शस्त्रक्रियेची धास्ती मात्र बाळगू नये. एका इम्प्लांटला दाढेची जागा बधिर करून पाऊण तास पुरतो, आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक रुग्ण ‘दाढ काढताना यापेक्षा जास्त त्रास झाला होता’ असे सांगतात. हिरडी उघडून आधी दोन मिलिमीटरचे छिद्र, मग टप्प्याटप्प्याने मोठे, आणि सतत थंड सलाइनची धार. ही धार दिखाव्याची नसते, कारण हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिटभर तापले तरी त्याच्या पेशी मरतात आणि मेलेल्या हाडात इम्प्लांट कधीच रुजत नाही. शेवटी इम्प्लांट हाताच्या रॅचेटने फिरवून बसवतात. त्यावर जोर दाखवणारा काटा असतो आणि तो ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास गेला की डॉक्टरांचा चेहरा सैल होतो. खालचा जबडा सुक्या खोबऱ्याच्या वाटीसारखा कडक असेल तर काटा लवकर चढतो. अशा वेळी आणखी आवळण्याचा मोह आवरावा लागतो, कारण अति दाबानेही हाड मरते.

इम्प्लांट हाडात रुजल्यावर माप घेऊन कॅप बनते. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कॅप सिमेंटने चिकटवता येते किंवा वरून स्क्रूने आवळता येते. शक्य तिथे मी स्क्रूचीच करतो, कारण सिमेंटचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा हिरडीखाली राहिला तरी पुढे तिथे पू होतो, आणि स्क्रूची कॅप दहा वर्षांनीही काढून, स्वच्छ करून परत लावता येते. वरचे छिद्र पांढऱ्या सिमेंटने बुजवलेले असते, ते चावताना जाणवत नाही.

त्याच दिवशी इम्प्लांटच्या डबीवरचा स्टिकर मागून घ्यावा. त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो. काही वर्षांपूर्वी सिन्नरहून एक गृहस्थ आले. दुसऱ्या शहरात आठ वर्षांपूर्वी बसवलेल्या इम्प्लांटची कॅप डुलत होती, आतला छोटा स्क्रू सैल झाला होता. काम पाच मिनिटांचे, योग्य पेचकस हातात असेल तर. कंपनी कोणती, ते त्यांना माहीत नव्हते आणि तो दवाखाना बंद झालेला होता. माझ्याकडचे चार वेगवेगळे पेचकस मी लावून पाहिले, एकही बसला नाही. एक्स-रेतल्या मानेच्या आकारावरून अंदाज बांधून, ओळखीच्या दोन डॉक्टरांना फोटो पाठवून, शेवटी तिसऱ्या भेटीत काम झाले, आणि तेही चांगली कॅप कापल्यानंतर. घराच्या खरेदीखतासारखा तो स्टिकर जपावा, असे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो आणि स्वतःच्या नोंदवहीतही एक चिकटवतो.

साखरेविषयी माझा नियम साधा आहे. सकाळची उपाशीपोटीची साखर मला फारशी कळीची वाटत नाही, कारण तपासणीच्या आदल्या रात्री सगळेच संयमी होतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी सातच्या खाली असेल तर मी निःशंकपणे काम करतो, सात ते आठमध्ये असेल तर आपल्या फिजिशियनशी बोलून करतो, आणि आठच्या वर असेल तर पुढे ढकलतो. साखर आटोक्यात असलेल्या मधुमेहींचे इम्प्लांट इतरांच्या जवळपासच यशस्वी होतात. आटोक्यात नसलेल्यांच्या जखमा उशिरा भरतात आणि हिरड्या लवकर बिघडतात.

तंबाखूबाबत मी गोड बोलू शकत नाही. चिमूट आपण कोणत्या बाजूला धरता? डावीकडे, खालच्या ओठाच्या किंवा गालाच्या खोबणीत धरत असाल तर ती नेमकी इम्प्लांटच्या शेजारी राहणार आहे. चुन्याने तिथली त्वचा भाजते, हिरडी खाली सरकते, आणि कधी पांढरा खरखरीत चट्टा उठतो. असा चट्टा असेल तर इम्प्लांटचा विषय बाजूला ठेवून आधी तो तपासून घ्यावा लागेल, कारण त्यातून कर्करोग होऊ शकतो. गुटखा-सुपारीने तोंड कमी उघडत असेल तर मागच्या दाढेच्या जागी आमचे हत्यारच पोहोचत नाही. आपली तीन बोटे उभी तोंडात जातात का, हे घरी पाहता येईल. सोडा म्हणणे सोपे असते, हे मला ठाऊक आहे. तरी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधीपासून कॅप बसेपर्यंत चिमूट बंद, एवढी अट मी घालतो, आणि ज्यांनी तेवढे निभावले त्यांतल्या काहींना परत ती लागलीच नाही.

दोन इम्प्लांट की एक? माझे मत एकाकडे झुकते. पहिल्या मोठ्या दाढेच्या जागी एक चांगला इम्प्लांट आला तर चावण्याचे बहुतेक काम भागते. सगळ्यात मागची दाढ दिसत नाही, तिथे ब्रश नीट पोहोचत नाही, हाड आजाराने खचलेले आहे आणि नस जवळ आहे. तिच्यासाठी हाड भरणे, सहा महिने थांबणे आणि खर्च दुप्पट करणे, हे पहिल्या दाढेचा अनुभव घेतल्यानंतर ठरवता येईल. वरची शेवटची दाढ खाली उतरते का, हे दर वर्षी पाहिले म्हणजे झाले.

बसवल्यानंतरचे दिवस जास्त महत्त्वाचे आहेत. नैसर्गिक दात हाडात थेट रोवलेला नसतो, बाजेच्या विणीत माणूस झुलावा तसा तो बारीक तंतूंच्या झोळीत असतो, म्हणून भाकरीत खडा आला की तो दबतो आणि आपल्याला लगेच कळते. इम्प्लांट भिंतीतल्या खुंटीसारखा असतो. त्याला दबणे माहीत नाही आणि खड्याची जाणीवही फार कमी असते. म्हणून कॅपची उंची अतिशय काटेकोर असावी लागते, आणि झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्रीचा गार्ड लागतो. सुपारी, ऊस आणि हाडूक त्या बाजूने फोडू नये. रोज रात्री कॅपच्या दोन्ही बाजूंनी बारीक बाटलीब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश फिरवावा. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि वर्षातून एक छोटा एक्स-रे. पहिल्या वर्षात मानेजवळचे हाड सुमारे एक ते दीड मिलिमीटर खाली येणे स्वाभाविक धरले जाते. त्यानंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त झीज चालू राहिली तर कारण शोधावे लागते. ब्रश करताना रक्त येणे ही पहिली सूचना असते, दुखणे खूप नंतर येते. नीट निवडलेल्या आणि निगा राखलेल्या रुग्णांत दहा वर्षांनी शंभरातले नव्वदच्या वर इम्प्लांट जागेवर असतात. पण ‘आजीवन गॅरंटी’ हे कंपनीचे शब्द आहेत. ते धातूच्या तुकड्याला लागू असतात, हिरडीला नव्हे.

खर्चाचे म्हणाल तर आपल्याकडे खासगी दवाखान्यांत एक इम्प्लांट आणि त्यावरची कॅप मिळून साधारण २५ हजारांपासून ५०-६० हजारांपर्यंत आकडे ऐकू येतात. फरक कंपनीचा, कॅपच्या प्रकाराचा आणि डॉक्टरांच्या अनुभवाचा असतो. आकडा ऐकताना त्यात स्कॅन, हाड भरणे, कॅप आणि पुढच्या तपासण्या धरल्या आहेत का, हे लेखी मागावे, कारण जाहिरातीतला स्वस्त आकडा बऱ्याचदा नुसत्या स्क्रूचा असतो. दंत महाविद्यालयात, जसे पंचवटीतील के. बी. एच. दंत महाविद्यालय, खर्च कमी आणि फेऱ्या जास्त, असा साधारण हिशेब असतो. मेडिक्लेममध्ये दातांचे काम अपघाताखेरीज बहुधा बसत नाही, तरी आपल्या कार्यालयाची वैद्यकीय सोय विचारून पाहावी. आपल्याकडे एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यांच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, शाखांत इम्प्लांट ही स्वतंत्र शाखा नाही, त्यामुळे पाटीवरच्या ‘इम्प्लांट तज्ज्ञ’ या शब्दांपेक्षा अशा किती दाढा बसवल्या आणि पाच वर्षांपूर्वीचे रुग्ण तपासणीला येतात का, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

आता आपल्या आईंविषयी. वरची कवळी टाळूच्या रुंद पृष्ठभागाला चिकटून राहते. खालची कवळी मात्र घोड्याच्या नालासारख्या अरुंद कठड्यावर टेकलेली असते आणि मध्ये जीभ सतत तिला ढकलत असते, म्हणून खालचीच उचलते. त्यांना सगळे दात इम्प्लांटवर बसवण्याची गरज नाही. खालच्या सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट, त्यांवर टिचबटणाचा एक भाग आणि कवळीच्या आत दुसरा, एवढ्यावर कवळी ‘टक्’ आवाज करून बसते आणि भाकरी चावताना उचलत नाही. संपूर्ण दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच किमान उपाय मानावा, असे मत कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ मध्येच मांडले होते. त्या भागातले हाड कडक असते आणि ओठाची नस मागे राहते, त्यामुळे शस्त्रक्रिया आपल्या दाढेपेक्षा सोपी असते. सध्याची कवळी चांगली असेल तर बहुधा तीच वापरता येते. बटणातला नायलॉनचा भाग मात्र वर्ष-दोन वर्षांनी बदलावा लागतो.

वयाची आडकाठी नाही, औषधांची असू शकते. हाडे ठिसूळ झाली म्हणून त्यांना आठवड्याला एक गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन दिले जाते का, हे आधी विचारून घ्यावे, कारण त्या औषधांनी जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो आणि तो दंतवैद्याला आधी माहीत असावा लागतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर कोणाच्या सांगण्यावरून ती स्वतःहून बंद करू नये. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे. आणि त्यांच्या बोटांनी कवळी काढता-घालता येते का, संधिवाताने बोटे वळत नसतील तर रोज रात्री बटणे पुसायला घरात कोण असेल, हेही तितकेच पाहावे.

पुढच्या भेटीला जाताना आपण काढलेल्या दाढांचे जुने एक्स-रे, एचबीए१सीचा अलीकडचा अहवाल आणि आईंच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. गोळ्यांची नावे लिहून नेताना चुका होतात, पाकिटेच बरी.